आप्पा डॉक्टर आणि माझा पुढचा दात

बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या आप्पा डॉक्टरांची एक खोड होती. दात भरून झाला की ते पेशंटला लगेच सोडत नसत. ज्याचं जे काम, ते खुर्चीतच करून दाखवायला लावत. शिंप्याला दाताने दोरा तोडायला लावत, मास्तरीणबाईंना पाढे म्हणायला. बाई एकदा सतराच्या पाढ्यात अडखळल्या, तर म्हणाले, "ह्यात दाताचा दोष न्हाय, बाई." आप्पा आता नाहीत, पण आठवले की अजून हसू येतं.

मी निपाणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. त्याचा भार वरच्या पुढच्या दातांवर पडतो, आणि ऐंशी सालाच्या आसपास माझा नेमका त्यातलाच एक दात किडला. एका डॉक्टरने सरळ "काढून टाकू" म्हटलं. दात गेला की माझं वाजवणंच संपलं! तशीच बेळगावची बस धरली आणि आप्पांकडे गेलो.

आप्पांनी चांदीचं औषध लावलं. त्याने दात काळाकुट्ट पडतो, पण कीड तिथल्या तिथे थांबते.

"आता पंधरा दिसांनी ये," ते म्हणाले. "मग कडा खरवडून भरू. औषध ताजं असताना वर सिमेंट धरत न्हाय. ओल्या भिंतीला कुणी रंग लावतं व्हय?"

"आप्पा, परवा लग्नाची सुपारी हाय. असला काळा दात घिऊन नवरदेवाम्होरं हुबा ऱ्हाऊ व्हय?"

मी इतक्या विनवण्या केल्या की आप्पा विरघळले. स्वतःचा नियम मोडून त्यांनी लगेच दात भरला. वरातीत पहिल्याच उंच सुराला सिमेंट सुटून जिभेवर आलं. पुढची वरात कशी रेटली ते माझं मला माहीत!

दुसऱ्या दिवशी तणतणत गेलो. भांडायच्याच तयारीने. आप्पांनी तोंडात बघितलं आणि मान खाली घातली.

"तुझी घाई पोटाची हुती रं. मी कशाला केली? चूक माझी."

एवढा मोठा डॉक्टर, पण एक सबब सांगितली नाही! माझा राग कुठल्या कुठे पळाला. या वेळी मी काळ्या दातासकट पंधरा दिवस मुकाट थांबलो. मग त्यांनी कडा खरवडल्या, दात धुतला, कोरडा केला आणि सावकाश भरला. खुर्चीत क्लॅरिनेट वाजवायला लावलं. तरी त्यांचं समाधान होईना.

"फुडलं लगीन कुठं?"

"कोगनोळीला."

लग्नादिवशी दवाखान्याला कुलूप लावून आप्पा कोगनोळीत हजर! भर उन्हात मिरवणुकीबरोबर चालले. नवरदेवाकडे ढुंकून बघितलं नाही, नजर सगळी माझ्या तोंडावर. मांडवाच्या दारात शेवटचा सूर थांबतो न थांबतो तोच म्हणाले, "आ कर."

सगळं वऱ्हाड बघत राहिलं. त्यांनी नखाने दात ठोकला, दाबला.

"धरलंय," म्हणाले, आणि डोळे पुसत हसायला लागले.

मुलीचे वडील गोंधळून पुढे आले. "हे पाहुणं कुणाकडचं म्हणायचं? नवऱ्याकडचं?"

मी आप्पांचा हात धरला आणि त्यांना पंगतीकडे नेत म्हटलं, "न्हाय, माझ्याकडचं."