धम्मदीपचं एक मिनिट

आरमोरीच्या गुणवंतरावांनी नागपूरहून लाल रंगाची, दोन दारांची, टर्बोवाली स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा गावाला पहिला प्रश्न पडला तो असा, की हिच्यात धानाचं पोतं ठेवायचं कुठं? कुठंच नाही. मागच्या सीटवर त्यांच्या बायकोची, भागीरथाबाईंची, पर्ससुद्धा अंग चोरून बसायची. राईस मिलच्या मालकाला असली गाडी कशाला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. साठी आली की काही माणसं देवदर्शनाला निघतात, काही लाल गाडी घेतात.

गाडी घेतली गुणवंतरावांनी, सांभाळायची मात्र धम्मदीप रामटेकेने.

धम्मदीप बावन्न वर्षांचा. त्यातली बावीस वर्षं त्याने ब्रह्मपुरी-आरमोरी जीप हाकली. आत बारा, मागे लटकलेले चार, टपावर कोंबड्यांची पाटी. एवढ्या वर्षांत एकदाही इंजिन तापू दिलं नाही, हे तो नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो आणि जुन्याला दर आठवड्याला. त्याची बायको कांता म्हणते, "लग्नाची तारीख इचारा, याईले सांगता येत नाई. इंजिनच्या तापाचा काटा कुठी होता ते इचारा, तोंडपाठ!"

ह्या गाडीत तर एक सोडून दोन आकडे दिसायचे, पाण्याच्या आणि तेलाच्या तापमानाचे. धम्मदीपला स्वर्ग सापडला. पाणी नव्वदवर लवकर येतं, तेल मागून रेंगाळत येतं, आणि तेल तापून पातळ झाल्याशिवाय पाय दाबायचा नाही, हे त्याने दोन दिवसांत ओळखलं. आणि पोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, एक मिनिट तसंच चालू ठेवायचं. टर्बोचं चाक धुराच्या जोरावर फिरून लालबुंद झालेलं असतं, त्याला गार करतं ते तेल. इंजिन थांबलं की तेलही थांबतं आणि जागच्या जागी जळतं.

गुणवंतरावांचं शास्त्र वेगळं होतं. गावाबाहेर गाडी धम्मदीप चालवायचा. चौक जवळ आला, की रस्त्याच्या कडेला थांबून दोघं जागा बदलायचे. मग गुणवंतराव पानठेल्यापर्यंतचे दीडशे मीटर असे काही गुरगुरत जायचे की बांधलेले बैल उठून उभे राहायचे. ठेल्यापुढं एक शेवटची डरकाळी, आणि खटकन इंजिन बंद.

"भाऊ, येक मिनिट चालू ठेवा," धम्मदीप म्हणायचा.

"काऊन? आरती कराची हाय का तिची?"

पानठेला हसायचा. धम्मदीपच्या मनात तेल जळायचं.

डिसेंबरात धानाचा हंगाम भरात आला आणि गाडी तापू लागली. पाणी एकशेदहा, तेल एकशेपस्तीस. डॅशबोर्डवर लाल दिवा लागायचा. गुणवंतरावांचा पुतण्या अजय मोबाइलवर व्हिडिओ बघून इंजिनियर झाला होता. त्याने निदान केलं, "काका, धम्मदीपभाऊ तिले उभ्या-उभ्या चालू ठेवतेत ना, त्याच्यानंच तापते." वर उपायही सांगितला, की पाणी अडवणारी थर्मोस्टॅटची झडपच काढून टाका.

"झडप काढशीन त तेल कधीच नीट तापणार नाई," धम्मदीप म्हणाला. "थंड्या तेलानं टर्बो खाऊन टाकशीन."

"तुमी जीपवाले," अजय म्हणाला. बस, एवढंच. पण ते 'जीपवाले' धम्मदीपला रात्रभर टोचलं.

सोमवारी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात स्नेहसंमेलन होतं आणि गुणवंतराव प्रमुख पाहुणे. त्यांनी शनिवारी निकाल सांगून टाकला. "धम्मदीप, सोमवारी जर का दिवा लागला, त चावी ठेवजो आन् घरी जाजो. अजय चालवन."

बावीस वर्षांचा काटा, आणि एका लाल दिव्यापायी घरी! लोक काय म्हणतील? म्हणतील, धम्मदीपनं इंजिन तापवलं. नोकरी गेली तर कुठं तरी मिळेल, पण हे म्हणणं मरेपर्यंत पुसलं जाणार नाही.

रविवारी मिल बंद होती. धम्मदीपने इंजिन चालू केलं, पंखा फिरू दिला, आणि जीपवाल्यांची जुनी युक्ती केली. वर्तमानपत्राचा कपटा पुढच्या जाळीपाशी धरला. पंखा हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटतो. कागद सरळ खाली पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला.

त्याने खालचं प्लॅस्टिक उघडून आत बोटं घातली, आणि हातात आला धानाचा भुसा. मूठभर नाही, टोपलीभर. रेडिएटरच्या पुढं पेंडीसारखा थापलेला. खालच्या कोपऱ्यात दोन दाण्यांना तर कोंब फुटले होते.

आता गाडी मिलच्या आवारात भुसा बाहेर फेकणाऱ्या नळीखाली का उभी असायची? कारण धान घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना ती तिथून नीट दिसते. ही अक्कल गुणवंतरावांची. पण रोज सकाळी पाइप लावून पुढून जोरात पाणी मारायचं कोण? धम्मदीप. कोरडा भुसा पंख्याने थोडाफार झडला असता. पाणी मारून मारून तो आत चेपला होता त्यानेच. बावीस वर्षांचा काटासम्राट अंगणात उकिडवा बसला आणि स्वतःला एक सणसणीत शिवी घातली.

गुपचूप साफ करून मोकळा झाला असता तर कोणाला कळलं नसतं. पण मग गाडी उद्या परत त्याच नळीखाली गेली असती. त्याने गुणवंतरावांना बोलावलं. मागोमाग भागीरथाबाईही आल्या. धम्मदीपने टोपली पुढं केली.

"भाऊ, भुसा तुमचा, पाणी माह्यं. दोघाईनं मिळून तिचं नाक बंद केलं."

गुणवंतरावांनी टोपलीतला भुसा बोटाने चाळला. मग म्हणाले, "मंग तिथून हलवाव लागन? लोकाईले दिसन कशी?"

"दिसाची हाय का चालाची हाय, येक ठरवा," भागीरथाबाई म्हणाल्या आणि कोंब फुटलेले दोन दाणे उचलून तुळशीत टाकायला निघून गेल्या.

"उद्या पाहू," गुणवंतराव म्हणाले. "दिवा लागला त चावी ठेवजो. बोललो ते बोललो."

धम्मदीपने मिलचा हवेचा पंप आणला आणि आतून बाहेर हवा मारून दुपारभर रेडिएटरचं एकेक पातं मोकळं केलं. शेवटी कागद धरला. चपकन चिकटला.

सोमवारी वैनगंगेच्या पुलावर पाणी ब्याण्णव, तेल एकशेचार. ब्रह्मपुरीच्या वेशीवर तेच. जागा बदलल्या. गुणवंतराव गुरगुरत कॉलेजच्या फाटकाशी आले. तेल एकशेआठ, दिवा नाही. पुढं प्राध्यापक, पोरं, पोरी, आणि दोन झेंडूचे हार, मनगटाएवढे जाड. एक घेऊन दोघं जण गाडीच्या तोंडावर बांधायला धावले.

धम्मदीप दार उघडून खाली उतरला. "जाळीवर नोका बांधू! हवा पाह्यजे तिले. तो बी भाऊच्याच गळ्यात घाला. त्याईले हवा नाई लागली तरी चालते."

पोरं फिदीफिदी हसली. गुणवंतराव किल्लीवर गेलेला हात तसाच ठेवून बसून राहिले. सगळे हार घेऊन ताटकळत. प्राचार्यांनी वाकून विचारलं, "साहेब, उतरता ना?"

"थांबा. टर्बो हाय. येक मिनिट चालू ठेवा लागते," गुणवंतराव म्हणाले, जणू हा शोध त्यांनी आंघोळ करताना लावला होता.

भाषणात त्यांनी भुशाचीही गोष्ट सांगितली. कागद त्यांनी धरला होता, बोटं त्यांनी घातली होती, पाणी मात्र ड्रायव्हरने मारलं होतं. टाळ्या पडल्या. धम्मदीप शेवटच्या रांगेत खिशातल्या चावीवर हात ठेवून बसला होता. गाडी नळीखालून कायमची हलवायची, हे तो आत्ताच सांगणार नव्हता. परत गेल्यावर चौकाजवळ सीट बदलताना सांगणार होता, तेव्हा भाऊंना घाई असते, कशालाही हो म्हणतात.