श्रीखंडाच्या डब्यातली पाचवी चिठ्ठी

मंडळी, आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही.

टेस्टच्या पहिल्या दिवशी आमचं मँचेस्टरचं टोळकं माझ्याकडे जमतं. टॉसच्या आधी प्रत्येकाने भारताच्या संघाचा अंदाज चिठ्ठीवर लिहायचा, मागे मॅचच्या निकालाचा अंदाज लिहायचा आणि घडी करून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. प्रथा मिलिंददादाची. तो फेब्रुवारीत गेला. आता आम्ही चौघंच.

मालिकेत आपण मागे, त्यामुळे आज संघात तीन बदल झाले. परवाच बदली म्हणून विमानातून उतरलेल्या एका नवख्या पोरालाही घेतलं. टॉस झाल्यावर मी डबा उघडला.

चिठ्ठ्या पाच निघाल्या.

आम्ही चौघंही चुकलो होतो. पाचवीत अकराच्या अकरा नावं बरोबर. कीपरच्या नावाखाली दोन रेघा, मिलिंददादा मारायचा तशाच.

"जुनी राहिली असेल गं," आमच्यातला राहुल म्हणाला.

"अरे, डबा सकाळीच धुतलाय मी. आणि ह्या पोराचं नाव फेब्रुवारीत कोणाला माहीत होतं?"

"मग मस्करी कोणी केली?"

कोणीच हसलं नाही.

चिठ्ठी अजून टेबलावर आहे. नावं वर, निकाल खाली. लंच झाला, टी झाला, कोणी ती उलटली नाही. खिडकी उघडी आहे म्हणून राहुलने चिठ्ठीवर कप ठेवलाय.

मॅच अजून चार दिवस आहे. तुम्ही उलटली असती?