सासूबाई पुन्हा बाहेर बसल्या तेव्हा

मागच्या श्रावणात एका सकाळी आमच्या सासूबाई बाहेर बसल्या. सोलापुरातला मार्शल लॉ नुकताच उठला होता, गिरणीचे भोंगे पुन्हा वेळेवर व्हायला लागले होते... आणि इकडे पडवीत घोंगडं टाकून, ताट-तांब्या वेगळा घेऊन सासूबाई गुमान बसलेल्या.

त्यांची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी सून म्हणून आले तेव्हापासून या घरात बाहेर बसायची ती मी एकटीच. त्यामुळे आधी मला काही कळेचना.

कळलं तेव्हा सगळ्या आळीत हसू पिकलं. शेजारच्या नरसम्माच्या घरी हातमाग आहे, ती तर माग सोडून बघायला आली. "म्हातारी पुन्हा वयात आली की वो!" म्हणाली. सासूबाईही तोंडाला पदर लावून हसल्या... आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, आता कळेल इथं चार दिवस कसे जातात ते. सासू-सुनेत एवढं चालायचंच.

नियम त्यांचा होता आणि माझ्यापेक्षा त्यांनीच तो कडक पाळला. चार दिवस झाले की न्हाऊन घरात, की आठवड्यात पुन्हा बाहेर... दसऱ्यापासून तर डाग थांबेचनात. मग त्या पडवीतच राहिल्या.

दिवाळीच्या तोंडावर मला दुसरी लेक झाली. बारशाला आळीतल्या सगळ्या बायकांनी तिला घेतलं, आजी मात्र पडवीतून मान उंच करून बघत होत्या. "जरा हिकडं तोंड कर की तिचं," एवढंच म्हणाल्या. मी दारात उभं राहून लेकीचं तोंड त्यांच्याकडे केलं.

मार्गशीर्षात एकदा मी त्यांच्या अंगावर वरून पाणी ओतत होते. खाली मान घालून त्यांनी सांगितलं, "खाली, आत गाठ लागतीया गं हाताला. पयली बोराएवढी हुती, आता लिंबाएवढी झालीया." दुखते का विचारलं, तर म्हणाल्या, "न्हाई की. दुखत न्हाई तर दाखवायची कशाला?"

मी सुईणीला बोलावलं. तिनं लुगड्यावरूनच अंदाज बांधला... अंग बाहेर आलंय, इतकी बाळंतपणं झाल्यावर येतंच, तुरटीच्या पाण्यानं धुवा आणि जड उचलू नका. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! तरी संक्रांतीपर्यंत आम्ही तेच करत बसलो.

शेवटी मी हट्ट धरला. असलं दुखणं पुरुषांना कसं सांगायचं, म्हणून तोवर घरात कुणी तोंडच उघडलं नव्हतं. मी यांना सांगितलं, टांगा केला आणि आम्ही दोघी बायकांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई तपासायला पुढे झाल्या, तर सासूबाई अंग चोरून मागे सरकल्या. "मला शिवू नगा बाई... मी भाईर हाय." कधीपासून, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "नागपंचमीपासनं," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंचा हात तिथंच थांबला.

मग त्यांनी नीट तपासलं. शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि सासूबाईंचा हात हातात घेऊन सांगितलं, की पाळी गेल्यावर जे रक्त येतं तो विटाळ नसतो, आजार असतो. बाकीचं मला बाजूला घेऊन बोलल्या... गाठ वाईट होती, आतवर पसरली होती. श्रावणात आणलं असतं तर निदान प्रयत्न करता आला असता, आता ऑपरेशनचाही उपयोग नव्हता.

परतताना टांग्यात सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाहेर बघत बसल्या होत्या. मला वाटलं, त्यांना सगळं उमगलं असावं, घाबरल्या असतील. मग म्हणाल्या, "म्हंजी मी विटाळशी नव्हतेच व्हय?"

मी नाही म्हटलं.

"मग मला घरात येता येत हुतं की गं..." असं म्हणून त्यांनी पदरात तोंड घातलं आणि रडायला लागल्या.

घरी आल्या, पाय धुतले आणि थेट पाळण्याशी गेल्या. लेक पहिल्यांदाच त्यांच्या हातात... नवा हात लागल्यावर तिनं भोकाड पसरलं. सासूबाई तिला थोपटत राहिल्या, "मी हाय गं, मी हाय," म्हणत. मी चुलीपुढं जाऊन पोटभर रडून घेतलं.

वैशाखात त्या गेल्या. तोवर भेटायला आलेल्या प्रत्येक बाईला त्यांनी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. जन्मभर पाळीचं नावही न घेतलेली बाई, पण आता त्यांनी लाज गुंडाळून ठेवली होती.

ते ऐकून नरसम्मा मुकाट्यानं माझ्याजवळ आली. तिलाही खाली, अंगाच्या तोंडाशी एक गाठ होती, तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. तिला मीच घेऊन गेले. तिची साधी निघाली, आत पाणी साठलेलं होतं, छोटा छेद देऊन काढून टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा बऱ्याच गाठी साध्याच असतात... पण साधी कुठली आणि वाईट कुठली, हे तपासल्याशिवाय कळत नाही, घरी बसून तर नाहीच नाही. त्या डॉक्टरीण माउलीचे उपकार मी विसरणार नाही.

लेक आता भिंतीला धरून उभी राहते. आजीचा चेहरा काही तिच्या ध्यानात राहायचा नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मैत्रिणींनो, गाठ हाताला लागली तर ती दुखायची वाट बघू नका, आधी डॉक्टरीणबाईंना दाखवा. आणि तुमच्या घरातली म्हातारी बाई पुन्हा बाहेर बसली, तर हसू नका... तिला हाताला धरून उठवा.