पाळणाघरावरची टाचणी

पाळणाघरवाल्या मावशींनी बावीस वर्षांत एकाही मुलाला ओरखडा येऊ दिला नाही. आमच्या वृत्तवाहिनीने मात्र त्यांचं पाळणाघर चार महिन्यांत जवळजवळ रिकामं करून दाखवलं.

मी वाहिनीत बातम्यांचे नकाशे बनवतो. चोरी असो, आग असो, पडद्यावर त्या भागाचा नकाशा आणि वर लाल टाचणी. पोलीस पुष्कळदा नेमका पत्ता देत नाहीत, नुसतं वस्तीचं नाव सांगतात. मग आमचं दीडशहाणं सॉफ्टवेअर वस्तीच्या बरोबर मधोमध टाचणी ठोकून मोकळं होतं. आता मधोमध मावशींचं घर आहे, त्याला त्या काय करणार?

एक दिवस त्या तडक ऑफिसात आल्या. साठीच्या, ठेंगण्या, खांद्यावर दुधाचे डाग पडलेला टॉवेल तसाच.

"दप्तरांच्या अकरा खुंट्या आहेत माझ्याकडे. आज तीनच भरल्या. आईबाप म्हणतात, तुमच्या घरात रोज काहीतरी भानगड असते. अहो, कात्रीसुद्धा मी वरच्या फळीवर ठेवते!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संपादकसाहेबांना म्हटलं, "टाचणी नको, अख्खी वस्ती फिक्या रंगात दाखवू."

"बघणाऱ्याला बोट ठेवायला जागा नको?" साहेब म्हणाले.

दोन दिवस हुज्जत घातली. शेवटी डोकं फिरलं आणि पुढच्या चोरीची टाचणी मी आमच्याच ऑफिसच्या इमारतीवर ठोकली. वाहिनीच्या मालकांचा फोन आला, मी यथेच्छ बोलणी खाल्ली, आणि अर्ध्या तासात टाचण्या बंद. इतकं सोपं होतं, आणि चार महिने कुणाला सुचलं नाही!

मावशींना सांगायला गेलो. तीन मुलं सतरंजीवर झोपली होती. कोण किती वाजता झोपलं, ते पाटीवर खडूने लिहिलेलं. मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "मग एकदा दाखवा ना, की इथे काहीच झालं नव्हतं."

साहेबांना विचारलं. ते हसले. "काही न घडल्याची बातमी होते का रे?"

मी घरी येताना ठरवूनच टाकलं. आमची मुलगी तीन वर्षांची आहे, तिला मावशींकडेच ठेवायचं. चौथी खुंटी तरी भरेल, आणि बघून आणखी चार लोक येतील. बायकोला तसं सांगितलं.

"त्या घरात? वेडबिड लागलंय का तुला?" ती उसळली. "टीव्हीवर माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी, दर दोन दिवसांनी तिथेच टाचणी!"

"अगं, ती मीच लावत होतो."

"मग तुला तर जास्तच माहीत असायला हवं!"