झाकलेला आरसा

लोणावळ्याच्या बाजारात मी ज्याच्याकडे दाढीला जाई, त्या न्हाव्याच्या दुकानातला मोठा आरसा कायम पंच्याने झाकलेला असे. कारण समोरच्या फळीवर, चिक्कीवाल्याकडून आणलेल्या काचेच्या बरणीत, त्याचा मासा होता. मुंबईला परतणाऱ्या कुणा बंगलेवाल्या बाईंनी तो दिलेला. निळाशार, झालरीसारख्या परांचा आणि जातीचा भांडखोर, पण फक्त जातभाई दिसला की. आरशात स्वतःला पाहिलं की फुगून काचेवर धडका मारी.

न्हाव्याने इंद्रायणीची वाळू धुऊन बरणीत घातली आणि ओढ्यातले दोन चिमुकले मासे सोबतीला सोडले. "येकटं ऱ्हाऊन डोकं फिरतंय त्याचं, मास्तर," तो म्हणे. वस्तरा चालवताना त्याचा एक डोळा बरणीवर असे, आणि मला माझ्या गळ्याची धास्ती!

एकदा एका बंगल्याचे शेठ अर्ध्या दाढीनिशी खुर्चीत होते. त्यांच्या बंगल्यातले सगळे याच्याकडेच येत. शेठनी गंमत म्हणून फळीवर पालथा ठेवलेला छोटा आरसा उचलून बरणीला लावला. मासा उसळला. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला आणि आरसा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तितं दुश्मन कुणीच न्हाई, शेठ. उगा दमतंय बिचारं."

शेठ गालावरच्या फेसासकट उठून गेले. त्या बंगल्यातलं कुणी पुन्हा आलं नाही.

मी जात राहिलो. दाढी झाली की तो माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवी, नीट निरखी आणि म्हणे, "झ्याक दिसतंय."

घरी गेल्यावर आरशात बघावंसं मला कधी वाटलं नाही.