मोहाच्या झाडांपुढे लिहिलेलं ‘निरंक’

चूक माझी होती. कोणा कन्सल्टंटची नाही, कंपनीच्या पद्धतीचीही नाही. रिपोर्टच्या एका रकान्यात मी ‘निरंक’ लिहिलं, आणि ते खोटं आहे हे कळल्यावरही तसंच राहू दिलं.

चंद्रपूरजवळच्या एका कारखान्यात मी ईएसजी बघत होतो. म्हणजे कंपनी पर्यावरणाशी कशी वागते, माणसांशी कशी वागते आणि तिचा कारभार किती सरळ आहे, याचा दरवर्षी रिपोर्ट करायचा. गुंतवणूकदार तो वाचून कंपनीबद्दल मत बनवतात. त्या वर्षी आमच्या मोकळ्या जमिनीवर बायोडायव्हर्सिटी पार्क व्हायचा होता. तिथे मोहाची जुनी झाडं होती. कुंपण घालण्याआधी रिपोर्टसाठी भरायच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: या जागेवर कोणाची उपजीविका अवलंबून आहे का?

मी ऑगस्टमध्ये, दुपारी दोन वाजता पाहायला गेलो. चिखल होता, चिटपाखरू नव्हतं. फोटो काढले आणि गाडीत बसूनच ‘निरंक’ लिहिलं. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात, आणि वेचायची असतात पहाटे. मी याच जिल्ह्यातला. मला हे सांगायची कोणाला गरज नव्हती.

फेब्रुवारीत सुशीलाबाई कारखान्याच्या गेटवर आल्या. शेजारच्या गावच्या, पन्नाशीच्या. सोबत चार बाया आणि हातात खराटे. फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला झाडून जागा साफ करावी लागते.

“साहेब, कुंपण काऊन घातलं? डावीकडची दोन झाडं माह्या घरची हायेत.”

कोणतं झाड कोणत्या घराचं, हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कागदावर कुठेच नव्हतं.

“बाई, मी पाहून गेलो होतो. कोणीच नव्हतं.”

“कवा आलते?”

“ऑगस्टमध्ये.”

बाया एकमेकींकडे बघून हसल्या.

“पोळ्याच्या टायमाले मोह येचाले कोण येते, साहेब?” सुशीलाबाई म्हणाल्या. “बरं, जाऊ द्या. पहाटे दोन घंटे उघडून देत जा, बस. नाई तं नाल्यापल्याड जा लागते आमाले. तिकडं वाघ हाय.”

“बघतो,” मी म्हणालो.

प्लांट हेडकडे गेलो. “सर, पार्कला गावाच्या बाजूने एक गेट द्यावं लागेल.”

“रिपोर्टमध्ये काय लिहिलंय?”

“निरंक.”

“मग गेट कोणासाठी? ऑडिटर विचारणारच. चुकलं म्हणून लिहून देतोस?”

एका सहीचं काम होतं. मी म्हणालो, “पुढच्या रिव्ह्यूत बघू, सर.” रिव्ह्यू जूनमध्ये असायचा. तोवर मोहाचा हंगाम संपलेला असतो.

एप्रिलमध्ये सुशीलाबाई नाल्यापल्याड वाकून फुलं वेचत होत्या. वाघ मागून आला. सोबतच्या बायांनी ओरडून त्याला हुसकलं, पण सुशीलाबाई जागीच गेल्या.

‘सदर घटना कंपनीच्या हद्दीबाहेर घडली.’ कंपनीच्या निवेदनातलं हे वाक्य मी लिहिलं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. त्याच आठवड्यात कुंपणाच्या आत त्यांच्या दोन झाडांखाली फुलांचा थर साचून कुजत होता. आंबूस वास रस्त्यापर्यंत येत होता.

मग मी दुरुस्ती लिहून दिली. प्लांट हेड म्हणाले, “आता काय उपयोग?” चार दिवसांत गेट झालं. दुरुस्ती रिपोर्टच्या शेवटच्या पानावर, तळटिपेत छापली गेली. माझी बदली स्टोअरला झाली. फॉर्ममध्ये आता पाहणी कोणत्या महिन्यात केली, हेही लिहावं लागतं. एवढा धडा कंपनीने घेतला. माझा धडा वेगळा आहे: चूक रिपोर्टमध्ये सुधारायला एक सही लागते, आणि ती वेळेत करायची असते.

सुशीलाबाईंच्या नवऱ्याकडे, भगवानभाऊंकडे, मी पावसाळ्याच्या तोंडावर गेलो. ते अंगणात बाज विणत होते.

“गेट तं झालं. आता काऊन आले?”

मी ‘झाल्या प्रकाराबद्दल खेद’ असलं काहीतरी ठरवून गेलो होतो. मी बाजेजवळ खाली बसलो.

भाऊंनी दोरी ओढून गाठ मारली. “फाटकाचं तुमालेच सांगतलं होतं ना तिनं? साहेब चांगला हाय, उघडून देईन म्हणे. आठ दिस रोज पहाटे आधी तुमच्या कुंपणाकडं जाऊन पाहे. मंग नाल्याकडं जाये.”

“भाऊ,” मी म्हणालो, “त्या आल्या त्याच दिवशी मला कळलं होतं की मी खोटं लिहिलंय. माझी चूक दिसू नये म्हणून मी गेटचं पुढे ढकललं. मला माफ करा.”