उपरण्याखालचा हात

माझा मधला भाऊ जन्मापासून मुका-बहिरा होता. घरात आम्ही त्याला अण्णा म्हणायचो आणि गाव त्याला खुळा म्हणायचं. न बोलणाऱ्याला आमच्याकडे खुळाच म्हणत, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. आणि हेच गाव बैल घ्यायचा झाला की खुळ्याला मुद्दाम सोबत घेऊन चाकणच्या बाजाराला जायचं.

बैलबाजारात भाव तोंडानं ठरत नसे. दोघं समोरासमोर बसायचे, उपरण्याखाली हातात हात घालायचे आणि बोटं दाबून बोलणी करायचे. भोवतीच्या बघ्यांना आकडा कळू नये म्हणून ही रीत. तिथे सगळेच मुके, त्यामुळे अण्णा कुणापेक्षा कमी नव्हता. बाजाराचं उपरणं तो स्वतःच्या हातानं धुवायचा, बायकांना शिवू द्यायचा नाही. थोरल्या दादाची बायको, आमची वहिनी, त्याला चिडवायची की हे उपरणं म्हणजे तुमची बायकोच दिसते. त्याला ते ऐकू यायचं नाही, पण तो हसायचा.

पिंपरीकडे कारखाने यायला लागले आणि आकुर्डीच्या बाजूचं आमचं एक शेत त्यात गेलं. मोबदल्याच्या कागदावर तिन्ही भावांची संमती हवी होती. जमिनीच्या कचेरीतला साहेब म्हणाला, या मुक्याला काय समजलं हे मला कसं समजायचं? वकिलानं तोड काढली, थोरल्याला कोर्टाकडून याचा पालक नेमून घ्या. दादाला त्यात काहीच गैर दिसलं नाही. "बा गेल्यापास्नं मीच हाय की त्येचा पालक," तो म्हणाला.

मी तेव्हा पिंपरीच्या एका कंपनीत नुकताच लागलो होतो. खाडा करून पुण्याच्या कोर्टात गेलो. न्यायाधीशांनी अण्णाला नाव विचारलं, तेव्हा तो त्यांच्या ओठांकडे बघून नम्रपणे हसला. मग त्यांनी दादाला विचारलं, "हा खुळा आहे का?"

"व्हय साहेब," दादा म्हणाला. "समदं गाव त्येला खुळाच म्हंतं."

मी बोलायला उठलो, तर वकिलानं दंड धरून खाली बसवलं. दुपारच्या चहाच्या आत माझा भाऊ कायद्यानं वेडा झाला. त्या कायद्याला माणसांचे दोनच प्रकार ठाऊक होते. एक शहाणा, त्याला सगळंच कळतं, आणि दुसरा वेडा, त्याला काहीच कळत नाही. एखाद्याला थोडी मदत दिली तर तो आपलं आपण ठरवू शकेल, असा विचार कुणी केलेला नव्हता. हा कायदा बदलायला हवा असं हल्ली शिकलेली माणसं म्हणतात. मी मान डोलावतो आणि मनात म्हणतो, फार उशीर केलात राव. त्या दुपारचा संताप माझ्यातून अजून गेलेला नाही.

पुढच्या बाजाराला आम्हाला बैल घ्यायचा होता. अण्णा नेहमीच्या व्यापाऱ्यासमोर बसला. हे चाकणचे चाचा, अण्णाच्या मिसरूड फुटण्याच्या वयापासून त्याच्याशी सौदे करत आलेले. अण्णानं उपरणं पसरलं, हात आत घातला. चाचांनी आपला हात मांडीवरच ठेवला.

"भाऊ, राग नका मानू," ते दादाला म्हणाले. "हात घातला की सौदा पक्का. उद्या कोर्ट म्हणालं याचा सौदा सौदाच नाही, तर मी कुणाकडे जाऊ? तुम्ही बसा, तुमच्याशी करतो."

अण्णाला यातलं अक्षर ऐकू आलं नाही. तो उपरण्याखाली हात तसाच ठेवून वाट बघत राहिला. मग त्यानं चाचांच्या मांडीवरचा हात पाहिला, दादाकडे पाहिलं, आणि उपरणं घडी करून उठला. त्यानंतर तो बाजाराला आला नाही.

दादा वकिलाकडे धावला. वकील म्हणाला, निकाल फिरवता येतो, पण डॉक्टरचा दाखला लागेल, नव्यानं चौकशी होईल, आणि अर्ज तुम्हालाच करावा लागेल. वेड्याचा अर्ज कोर्ट घेत नाही. दादानं अर्ज केला आणि तारखा पडू लागल्या.

असाच एका तारखेहून परतल्यावर तो ओटीवर अण्णासमोर बसला. त्यानं उपरणं मागून घेतलं, मध्ये पसरलं आणि आपला हात खाली घातला. बऱ्याच वेळानं अण्णाचा हात आत गेला. दादाचे डोळे भरून आले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"आकडा न्हाई सांगितला. नुसता माझा अंगठा धरून बसला."

दादा अंगठेबहाद्दर होता, आणि अण्णाच्या नावापुढे आता तोच अंगठा उठत होता.

तेव्हापासून अण्णाचा कुठलाही कागद आला की दादा आधी उपरणं पसरायचा. मी खुणांनी अण्णाला मजकूर समजावायचो. त्यानं बोट दाबलं तर दादा अंगठा उठवायचा, हात काढून घेतला तर कागद आला तसा परत जायचा. वकील हसायचा. कोर्टाला असलं काही माहीत नव्हतं.

अर्जाचा निकाल लागण्याआधीच अण्णा तापानं गेला. कोर्टाच्या लेखी तो वेडाच राहिला. त्याला उचलायच्या आधी दादानं ते उपरणं आणून त्याच्या हातावर पसरलं आणि खाली आपला हात घातला. माणसं खोळंबली होती. मी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, तरी त्यानं उपरण्याखालचा हात लवकर बाहेर काढला नाही.